बुधाचे दहा गुण

बकुळतळा गल्ली, उत्तरपाडा

आदरणीय पोंचूदा यांस,

नीलरतनचा वाकून नमस्कार. (वाकणे आता कंबरेला झेपत नाही, म्हणून कागदावरच वाकलो आहे.) आपली प्रकृती कशी आहे हे विचारण्याची रीत आहे. पण आपण चार घरे सोडून राहता, आणि काल सकाळी माकडटोपी घालून, डावा पाय ओढत, फ्लॉवरचा गड्डा घेऊन जाताना मी आपल्याला व्हरांड्यातून पाहिलेच. तेव्हा गुडघा ठीक नाही, फ्लॉवर चांगला होता. मोहरीचे तेल कोमट करून लावावे. चार घरांवर टपालाने पत्र कशाला, असे पोस्टमन विचारील. त्याला सांगावे की बायकोच्या भावाशी अकरा वर्षे बोलणे नसले की सरकारी टपालाशिवाय गत्यंतर नाही.

तर घडले ते असे. सरस्वतीपूजेला आपल्या तरुण संघाची (सर्वात तरुण सभासद, म्हणजे चहावाला बिश्टू, त्रेपन्न वर्षांचा आहे) क्विझ असते आणि सव्वीस वर्षे क्विझमास्टर मीच आहे, हे आपण जाणताच. क्विझमास्टरचा शब्द अखेरचा, हाही आपल्या पाड्याचा नियम. त्यावर देवीचेही अपील चालत नाही. प्रश्न सगळे माझ्या काळ्या वहीतले. वही एकच आणि वर्षे सव्वीस, त्यामुळे मी अधूनमधून जुने प्रश्न पुन्हा विचारतो. दहा वर्षांत लोक विसरतात असा माझा हिशेब होता. ऑक्टोपसला हृदये किती हे मी चार वेळा विचारले आहे आणि चारही वेळा लोकांनी तितक्याच आनंदाने चुकीचे उत्तर दिले आहे.

या रविवारी पहिल्या फेरीत मी विचारले, पृथ्वीला सर्वात जवळचा ग्रह कोणता? समोर होमिओपॅथ दीनूबाबूंची नात तितिर होती, कॉलेजात जाते. ती म्हणाली, “बुध.” मी म्हणालो, चूक, शुक्र. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “काका, सगळ्यात जवळ येतो तो शुक्र. बहुतेक वेळ जवळ असतो तो बुध. सरासरी काढा की.” मी नियमाप्रमाणे म्हणालो, क्विझमास्टरचा शब्द अखेरचा. मांडवात मागून बिश्टू म्हणाला, “हे नाटक आपण आधी पाहिलंय, नीलूदा.”

पाहिले होतेच. अकरा वर्षांपूर्वी, त्याच जागी उभे राहून, आपण हेच उत्तर दिले होते आणि “सरासरीने” हा शब्दही उच्चारला होता. मी म्हणालो होतो, सरासरी घरी जाऊन काढा. आपण घरी गेलात ते गेलातच. जिंकलेल्या संघाने शरमेने ढाल घेतली नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात आली आणि तेव्हापासून आपली बहीण खुकू तिने पायसाचे भांडे झाकते.

सोमवारी गच्चीवर खुकू उन्हात डाळीच्या बड्या वाळत घालत होती. तितिर आली आणि म्हणाली, काकू मध्येच बसल्या आहेत, त्या सूर्य, तुम्ही पृथ्वी, चला. मग मी कठड्याच्या कडेने चालू लागलो. तितिर आधी शुक्र झाली, मग बुध. दर दहा पावलांवर थांबून खुकूच्या लोकरीने आमच्यातले अंतर मोजायचे, असे दुपारपर्यंत चालले. खुकू एकदाच बोलली, “तुमचा बुध माझ्या बड्या तुडवतोय.” शेवटी सरासरी काढली. बुध हातभर जवळ निघाला.

मी खाली बसलो. खुकू लोकर गुंडाळत म्हणाली, “शुक्र म्हणजे पूजेचा पाहुणा. आला की अगदी गळ्यात पडतो, गेला की पार पलीकडच्या टोकाला. बुध मला सोडून लांब जातच नाही, मग तो तुम्हाला तरी लांब कसा पडेल? दादाचं तेच म्हणणं होतं.” पोंचूदा, दर भाऊबीजेला ती भावाचा टिळा आमच्या दाराच्या चौकटीला लावते, तुमच्या घराकडच्या बाजूला. अकरा टिळ्यांनी ते लाकूड काळे पडले आहे. मी रोज त्याच दारातून ये-जा करतो आणि रोज मला लाज वाटते. पत्रात एवढेच लिहायचे होते, बाकी सर्व क्षेम.

आपला,
नीलरतन

ता. क. काल मी माइक तितिरच्या हाती दिला. अंतिम फेरी येत्या रविवारी चार वाजता आहे आणि मी प्रथमच उत्तरे देणाऱ्यांत बसतो आहे. संघ चौघांचा लागतो. मी, खुकू आणि बिश्टू असे तिघेच झालो आहोत. आमची ग्रहताऱ्यांची बाजू लंगडी आहे, एवढ्याचसाठी विचारतो, दुसरे काही मनात आणू नये. नाव शनिवारपर्यंत द्यायचे आहे.

ता. क. दोन. त्याच दिवशी आपण ऑक्टोपसवरूनही वाद घातला होता. त्याला हृदये तीनच असतात. तिथे मी बरोबर होतो.

ता. क. तीन. काळ्या वहीत त्या वर्षाचे पान काढून ‘चूक’ खोडले आणि आपल्या नावापुढे दहा गुण लिहिले. त्या हिशेबाने आपण पाच गुणांनी जिंकला आहात. क्विझमास्टर म्हणून हा माझा अखेरचा शब्द. ढाल पोस्टात घेत नाहीत, मी विचारून आलो. ती न्यायला आपल्यालाच यावे लागेल. खुकूने ती चिंच लावून घासली आहे, आणि पायसाचे भांडे सकाळपासून उघडेच आहे.