चौथीच्या कार्डावरची सही

बाबा,

काल दुपारी चार वाजता मी माझ्या डाव्या कानाचा पडदा पहिल्यांदा स्क्रीनवर बघितला आणि तुमच्याशी दहा वर्षं चाललेलं माझं भांडण तिथल्या तिथे कोसळलं. दाखवणारी ती, माझी मैत्रीण. इथल्या हिंदी शाळांत जाऊन मुलांचे कान तपासते, आणि तिच्या मशीनची पेटी उचलून मी सोबत फिरतो. कॉलेज सोडलं ते सरांशी भांडून. परत गेलो नाही ते मात्र तिच्यासाठी. तुम्ही असता तर घर डोक्यावर घेतलं असतंत.

पडद्याला भोक आहे. ती म्हणाली, "ये थप्पड़ का नहीं लगता. वो छेद तो अक्सर भर जाता है. ये बरसों बहा हुआ कान है. सच बता, पहले से बहता था?"

मी म्हटलं, "याद नहीं."

कारण मी तिला वेगळंच सांगून बसलो होतो. मी सहावीत आहे. आनंद नगरचं आपलं स्वयंपाकघर, तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन जेवताय. तीनदा पाणी मागता, मी खिडकीकडे तोंड करून उभा. चौथ्यांदा तुम्ही उठता. "बहिरा आहेस का?" आणि डाव्या कानाखाली सणसणीत. त्याच वर्षी तुम्ही गेलात. भांडायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून मी ठरवून टाकलं की माझा कान तुम्हीच घालवला. तिला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि मला फार बरं वाटलं. तेव्हापासून पालकांच्या प्रत्येक सभेत ती मुलांचे कान का जातात ते सांगते: सर्दी मुरून वाहणारा कान, वाहत्या कानात ओतलेलं तेल, गालगुंड, दिवसभरचे इयरफोन. आणि शेवटी मी. "इनके पापा ने एक थप्पड़ मारा था." सगळ्या आया तुमच्या नावाने चुकचुकतात. मी मान खाली घालून उभा, अगदी हिरो.

आज सकाळी कपाट उपसलं. आई म्हणाली, "काय हरवलंय रे एवढं?" शाळेच्या फायलीत चौथीचं आरोग्य कार्ड मिळालं. 'बायाँ कान बहता है, डॉक्टर को दिखाएँ.' खाली मॅडमची ओळ, 'कक्षा में ध्यान नहीं देता.' या दुसऱ्या ओळीला घाबरून मी कार्ड तुम्हाला दाखवलंच नव्हतं. कान ठणकला की आई कोमट तेल घालायची आणि विषय तिथेच मिटायचा. कार्डावर तुमची सही आहे. ती मी केलीय, तुमच्याच पेनने.

थप्पड मारलीत, त्याचा राग अजून आहे, तो जाणार नाही. पण बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, आणि दोन वर्षं ते माझ्या दप्तरात पडून होतं.

आज अकरा वाजता अवधपुरीच्या शाळेत पालकांची सभा आहे. ती बोलायच्या आधी मी उभा राहणार, कार्ड हातात घेऊन. हातपाय नुसते शिवशिवताहेत, परीक्षेला कधी इतक्या घाईने निघालो नव्हतो.

हा कागद मी कुठे पाठवणार? फायलीत ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. भीती तिच्या रागाची नाही. तिचे डोळे पुन्हा माझ्यासाठी तसे भरून येणार नाहीत, याची आहे. आई म्हणतेय, खाऊन जा. चपला घातल्यात. दार ओढून घेतो.