बेचाळीस इंचांचा मासा

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? मी ठीक आहे, म्हणजे वाळलो एकदाचा.

मामा, मी तुमचा मासा पाहिला! तोच, धरणाच्या पायऱ्यांपाशी तुमच्या हातून निसटलेला, ज्याच्यापायी माझ्या लग्नात तुमचं हसं झालं आणि तुम्ही गळाची काठी कायमची माळ्यावर टाकलीत.

झालं असं, सकाळी धरणावरच्या वॉचमनचा नवा युनिफॉर्म द्यायला गेलो होतो. पॅन्ट घालून बघा म्हटलं, तर आपला गळ माझ्या हातात देऊन तो चौकीत शिरला. (मी जन्मात सुईपेक्षा मोठं काही धरलेलं नाही, हे त्याला काय माहीत!) एवढ्यात दोरीला असा हिसका बसला की मी तीन पायऱ्या बसूनच उतरलो. पाणी ढवळलं आणि शेवटच्या पायरीला लागून तो वर आला. अबब, मामा! एकेक खवला कोटाच्या बटणाएवढा, पाठ काळीशार, आणि पोटाशी अशी सोनेरी झाक, की तसलं कापड मी उभ्या जन्मात कापलेलं नाही. ओठात एक जुना गंजका गळ, तो तुमचाच असणार. शांतपणे कल्ले हलवत माझ्याकडे बघत होता. आधी भीती वाटली, मग एकदम भरूनच आलं. एवढ्या पाण्यात हा इतकी वर्षं गुपचूप मोठा होत होता आणि आम्ही इकडे खिदळत होतो.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. माझा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला. गुडघाभर पाण्यात उतरून तोंडापासून शेपटीपर्यंत माप घेतलं. (गिऱ्हाइकं मापाला चुळबुळ करतात, हा जागचा हलला नाही.) चव्वेचाळीस! तुम्ही बेचाळीस म्हणाला होतात, दोन इंच जास्तच भरला. मी आकडा मोठ्याने म्हटला मात्र, त्याने शेपटी झटकली, दोरी तुटली आणि मी कमरेवर आपटून थेट पाण्यात. वॉचमन धावत आला, पण एका हाताने पॅन्ट धरून, कारण ती कमरेत चार बोटं सैल झाली होती. त्याला मासा दिसलाच नाही, नुसता शिंपी दिसला. आता गावभर सांगत सुटलाय, ज्याला माझी कंबर मोजता येत नाही, तो मासे काय मोजणार! घरात बायकोही हसते. खरं बोलूनही कुणी ऐकत नाही तेव्हा कसं होतं, ते आता कळतंय.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. येत्या रविवारी काठी घेऊन याच. गुडघ्याची काळजी नको, पायरीवर खुर्ची नेऊन ठेवतो.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर ह्यासाठीच लिहायला घेतलं होतं. लग्नात तुम्ही हात पसरून माशाची लांबी दाखवलीत, मी सगळ्यांदेखत त्याला टेप लावली आणि "तीस!" म्हणून ओरडलो. सगळे पोट धरून हसले. मामा, टेपवर बेचाळीसच होते.