एकच ‘नाही’ पुरतं

११ नोव्हेंबर
गिरजाला जाऊन वर्ष झालं. बरसी व्यवस्थित पार पडली. लेकीला, रश्मीला, आज सकाळी गाडीत बसवून आलो. जाण्याआधी तिने माझं नाव स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये घालून टाकलं. क्लास कटरा बाजारात आहे, स्वेटरच्या दुकानाच्या वर. कारण असं की नात मिष्टी बेंगळुरूत इंग्रजीच बोलते आणि मी फोनवर नुसता ‘यस, यस’ करतो. त्यासाठीच जाणार. मला एकट्याला करमत नाही हा रश्मीचा समज आहे. मला उत्तम करमतं.
संध्याकाळी चहा केला. दोन कप झाला. पातेलं मोठं आहे.

१४ नोव्हेंबर
क्लासचा पहिला दिवस. सगळी पोरं रश्मीपेक्षा लहान. शिकवणाऱ्या पारुल मॅडमही लहानच, चष्मा आणि कायमचा खोकला. ओळख करून द्यायची होती. दयाशंकर नेमा, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, असं सांगितलं. शेजारी तौफीक नावाचा स्कूटर मेकॅनिक बसतो. त्याला दुबईला जायचंय. तो म्हणाला, “म्हणजे दद्दा, तुमच्यासमोर कोणी कमी बोललं की दंड?”
सगळे हसले. मी हसलो नाही. पहिल्याच दिवशी फार मोकळं होऊ नये.

१८ नोव्हेंबर
एखादी गोष्ट आपण किती वेळा करतो, ते सांगणारे शब्द. मॅडमनी फळ्यावर शिडी काढली. सगळ्यात वर ऑलवेज. मग युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली. तळाला नेव्हर. मी विचारलं, ऑफन म्हणजे नक्की किती. त्या म्हणाल्या, अंदाजे. ‘अंदाजे’ हा शब्द ऐकून मी लोकांचे तराजू जप्त केले आहेत. पण बोललो नाही.
घरी येऊन संकल्प केले. आय ऑलवेज गेट अप ॲट फाइव्ह आणि तलावापर्यंत चालायला जातो. आय ऑलवेज कुक ॲट होम. आय नेव्हर ईट समोसा. उद्यापासून.

१९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
थंडी फार होती. ऑलवेजऐवजी युज्वली लिहिणं योग्य. सरकारी माणसाने शब्द जपून वापरावा.

२१ नोव्हेंबर
आज घरातल्या एका माणसाच्या सवयी सांगायच्या होत्या. घरातलं माणूस म्हटल्यावर मला दुसरं कोणी सुचलं नाही. मी म्हटलं, ‘माय वाइफ ऑलवेज पुट्स जिंजर इन टी.’ पहिल्या फटक्यात बरोबर. मॅडमनी शाबासकी दिली. तौफीकने विचारलं, आंटी आलं किसून घालतात की ठेचून. ठेचून, म्हटलं. तो म्हणाला, मग ठीक, किसलेल्याला काही अर्थ नाही. मग मी आणखी एक वाक्य केलं, ‘शी ऑफन फाइट्स विथ द मिल्कमॅन.’ दूधवाल्याच्या मापावरून ती कशी भांडायची, माझ्या खात्याचा नियम त्याला कसा तोंडपाठ म्हणून दाखवायची, ते पुढे हिंदीत सांगितलं. सगळा क्लास हसला. मीसुद्धा.
परत येताना विचार केला की मी खोटं बोललो का. नाही. सवय साध्या वर्तमानकाळात सांगायची, असं मॅडमनीच सांगितलं होतं. नियम मी केलेला नाही.

२५ नोव्हेंबर
‘इज’ असेल तर हा शब्द त्याच्या नंतर येतो. एरवी क्रियापदाच्या आधी. माझं वाक्य: ‘शी इज ऑलवेज ॲट होम.’ ऑलवेज अगदी जागेवर पडलं. आणि गोष्टही खरी आहे. फोटो फ्रिजच्या वरच आहे. तौफीक म्हणाला, आंटी कुठे बाहेर पडतच नाहीत का? म्हटलं, गेल्या वर्षापासून नाही.
गुडघे, असंही म्हटलं. गुडघे तिचे दुखायचेच.
येताना एक समोसा खाल्ला. रेअरली.

३० नोव्हेंबर, रविवार
रश्मीचा फोन. मिष्टीशी इंग्रजीत बोललो. आय युज्वली गेट अप ॲट फाइव्ह, असं सांगितलं. तिने विचारलं, “ग्रँडपा, डू यू क्राय?”
“नेव्हर,” मी म्हटलं. एका क्षणात. जराही अडखळलो नाही.
रश्मीने फोन घेतला. मी म्हटलं, बघ, उत्तर व्याकरणाने पक्कं होतं की नाही. ती म्हणाली, हो बाबूजी. नंतर भाजीसाठी कांदा चिरायला घेतला. बराच चिरला. भाजी केली नाही.

६ डिसेंबर
प्रगती चांगली आहे. आता मी गेलो की क्लास सुरू होण्याआधीच कोणीतरी विचारतं, आज आंटींनी काय केलं? मी सांगतो. काल मेथीचे पराठे, आज कणकेचे भाजलेले गक्कड आणि वांग्याचा भरता. भरत्यात लसूण ती निखाऱ्यावर भाजून घालते. तौफीक म्हणाला, “दद्दा, बस करा, नाहीतर मी दुबई सोडून तुमच्याकडे राहायला येईन.” यावर मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली.
उद्या काय सांगायचं हे मी दुपारीच ठरवून ठेवतो. हा गृहपाठाचाच भाग धरायला हवा. जेवायला खिचडी केली. आय ऑलवेज कुक ॲट होम. खिचडी म्हणजे कुकच.

१२ डिसेंबर
आज नेव्हर. मॅडमनी भाषांतराला वाक्य दिलं, ‘वह कभी नहीं आती.’ वाक्य त्यांचं, माझं नाही. मी लिहिलं, ‘शी डज नॉट नेव्हर कम.’ सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, हिंदी बोलणाऱ्या प्रत्येकाची ही चूक होते. आपल्याकडे ‘कभी’ वेगळा आणि ‘नहीं’ वेगळा, म्हणून आपण इंग्रजीतही दोन शब्द शोधत बसतो. नेव्हरच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. वर आणखी एक घातलं तर एक दुसऱ्याला कापतं. मग अर्थ उलटा होतो, ती येते, अधूनमधून येते.
मी विचारलं, असा अर्थ खरंच होतो? त्या म्हणाल्या, हिशोबाने बघितलं तर होतो, पण असं कोणी बोलत नाही अंकलजी, खोडून टाका.
सगळ्यांनी खोडलं. माझं खोडरबर घरी राहिलं होतं.

१३ डिसेंबर
खोडरबर सापडलं. कंपासपेटीतच होतं. आता राहू दे. वहीत एखादी चूक असलेली बरी, लक्षात राहते.

२० डिसेंबर
ठरवलं. उद्या क्लासमध्ये सगळ्यांना खरं काय ते सांगायचं. पहिल्या पाच मिनिटांत. इंग्रजीतच सांगेन, म्हणजे अभ्यासही होईल.

२१ डिसेंबर
रविवार निघाला. क्लास नसतो.

२२ डिसेंबर
तौफीकचं दुबईचं काम फिसकटलं. एजंट फोन उचलत नाही. आज सांगणं बरं दिसलं नसतं. त्याला बरं वाटावं म्हणून गिरजा कढी कशी करते ते सांगितलं.

२४ डिसेंबर
मॅडमचा खोकला वाढलाय. गिरजाचा काढा सांगितला. त्या प्रसंगात दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं.

२९ डिसेंबर
संकट. संक्रांतीच्या बुडकीनंतर, म्हणजे नदीस्नानानंतर, १५ तारखेला क्लासमध्ये छोटा कार्यक्रम आहे. प्रत्येकाने घरचं माणूस घेऊन यायचं. मॅडम म्हणाल्या, आंटीजींना आणाच, आणि तिळाचे लाडू त्यांच्याच हातचे हवेत.
मी ‘शुअर’ म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. शुअर त्या शिडीवर कुठे येतो तेही विचारायचं राहिलं.

४ जानेवारी
शांतपणे विचार केल्यावर मार्ग निघाला. गिरजा बुडकी करून रश्मीकडे गेली, असं सांगायचं. लाडू जाण्याआधी करून ठेवले. लाडू मी करणार. इतकी वर्षं ओट्याशेजारी उभा राहून बघितलंय. गूळ आणि तीळ, दोनच तर वस्तू.
चालणं बंद आहे. गच्चीवरून तलाव दिसतो. समटाइम्स तोही बघतो.

१३ जानेवारी
गुळाचा पाक पुढे गेला. लाडू झाले, पण दगड. सवयीने एकेक काट्यावर टाकून बघितला. वजन सगळ्यांचं तंतोतंत सारखं. आमच्या खात्याने शिक्का मारून बाजारात द्यावेत असे. दुसऱ्यांदा केले ते वळलेच नाहीत. पहिलेच नेणार.
पाक झाला हे तिला कसं कळायचं ते मी कधी विचारलं नव्हतं.

१५ जानेवारी
नीट लिहून ठेवतो.
सगळ्यांची माणसं आली होती. तौफीक त्याच्या अम्मीला घेऊन आला होता. मी दारातच सांगून टाकलं, ती काल बेंगळुरूला गेली, लाडू मात्र तिनेच केलेत. मॅडम म्हणाल्या, अरेरे, भेट राहिली. डबा फिरला. लाडू कोणाच्याही दाताने फुटेना. तौफीकने तो गालात ठेवला आणि म्हणाला, “दद्दा, चढावर स्कूटर उभी केली तर चाकाखाली लावायला झकास आहेत. पण चव आहे हं.” सगळ्यांनी एकेक घेतला. कोणी परत ठेवला नाही.
मग खेळ. चिठ्ठी उचलायची, त्यावरच्या शब्दाचं वाक्य करायचं. मला नेव्हर आला. उभा राहिलो. दुसरं वाक्य आठवेना. म्हटलं, ‘माय वाइफ डज नॉट नेव्हर कम.’
मॅडम सवयीने म्हणाल्या, “एकच अंकलजी, एकच. दोनातलं एक काढा.”
कुठलं काढायचं ते मी बघत राहिलो. नॉट काढलं तरी तेच राहत होतं. नेव्हर काढलं तरी तेच. किती वेळ उभा होतो कोण जाणे. तेवढ्यात तौफीकची अम्मी त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, “हेच ना रे ते दद्दा, ज्यांची बायको वारली?”
“अम्मी, लाडू खा,” तौफीक म्हणाला.
मी सगळ्यांकडे बघितलं. कोणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळे हातातल्या लाडवाकडे बघत होते.
निघताना मॅडम जिन्यापर्यंत आल्या. मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. नाव घालायला आली होती तेव्हा रश्मीने सांगितलं होतं, आई गेल्यापासून बाबूजी घरी कोणाशी बोलत नाहीत. मॅडमनीच मग सगळ्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग रोज आंटींनी काय केलं हे का विचारायचात?
त्या जरा खोकल्या. चष्मा काढून पुसला.
“तुम्ही तेवढंच बोलायचात, अंकलजी.”

१६ जानेवारी
गेलो नाही. पाय दुखत होते. पाय दुखत नव्हते.

१७ जानेवारी
दुपारी तौफीक आला. कसलंसं कारण काढून माझी स्कूटर तपासली. स्कूटरला काही झालेलं नाही. जाताना म्हणाला, सोमवारी नवा धडा आहे दद्दा, ‘युज्ड टू’, आधी सवय होती आणि आता नाही असं सांगायला. म्हणाला, कढीचं पुढचं राहिलंय, या. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, ‘बघू’ शिडीवर नाही.
तो गेल्यावर वही काढली, खोडरबर घेतलं. ‘डज नॉट’ खोडलं. ‘कम’ला एस लावला. शी नेव्हर कम्स. आता बरोबर आहे. एकच ‘नाही’ पुरतं.
संध्याकाळी लहान पातेलं काढून एकच कप चहा केला. आलं ठेचून घातलं. साखर हाताने दोघांची पडली.
फार गोड झाला. प्यायलो.