माझ्या हातांबद्दलचं दुसरं पत्र

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१८ एप्रिल

प्रिय बाळ,

पाकिटावर माझं नाव बघून तू आधी शोभाला फोन लावशील आणि मी जिवंत आहे ना ते विचारशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी ठणठणीत आहे. शोभाही बरी आहे, गुडघे सोडले तर. हाडांच्या डॉक्टरच्या बायकोचे गुडघे दुखावेत हा आमच्या घरातला जुना विनोद आहे, तू त्यावर पुष्कळदा हसला आहेस. सहा वर्षांत मी तुझ्यासारख्या जुन्या मित्राला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या मुलाच्या लग्नालाही आलो नाही, शोभाला एकटीला पाठवलं. आज लिहितोय ते हातानं, पेननं, कारण हे पत्र टाइप करायचं नाही असं मी ठरवलंय. अक्षर लावायला त्रास होईल. सावकाश वाच, रिटायर होऊन बेलव्ह्यूला राहिल्यावर तुला तरी आता कुठे ड्यूटीवर पळायचंय!

बातमी अशी, की मला कॉलेजात प्रवेश मिळतोय. आधी पोटभर हसून घे. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत लाकडी फर्निचर बनवायचा एक वर्षाचा कोर्स आहे. पुस्तकी काम नावापुरतं. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच वर्कशॉपमध्ये राबायचं, आणि परीक्षा म्हणजे तुम्ही केलेल्या खुर्चीवर परीक्षक स्वतः बसून बघणार. जागा फक्त बारा. इथेही वीकेंडचे वर्ग असतात, मी दोन केले. तिथे आमच्यासारखे रिटायर्ड लोक पक्ष्यांसाठी घरटी ठोकतात आणि शिक्षक प्रत्येक घरट्याला 'ग्रेट जॉब' म्हणतो. माझ्या घरट्याचं छप्पर त्याच्या हातात निघून आलं, तरी तो 'ग्रेट जॉब'च म्हणाला. मला जिथे नापास करतील अशा ठिकाणी जायचं होतं. माझे हात कसे आहेत हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. या हातांना ते लोक घेतील का, एवढाच प्रश्न होता.

तुला हेही माहीत आहे की माझे वडील उंब्रजला सुतार होते. इथल्या मराठी मंडळात फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण मीच 'गावी लाकडाचा व्यवसाय होता' असं गुळमुळीत सांगत आलो. चाळीस वर्षं हे खोटं मी मोठ्या ऐटीत वापरलं आणि त्याची मला आता लाज वाटते. वडिलांनी मला हत्याराला कधी हात लावू दिला नाही. आठ वर्षांचा असताना मी एकदा त्यांचा रंधा उचलला, तर त्यांनी हातातला, काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या माझ्या बोटांवर मारला. हे हात पेन धरायला आहेत, म्हणाले. मग मी उंबऱ्यात बसून नुसता बघायचो. जमिनीवर बसून, दोन्ही तळपायांत फळी घट्ट धरून ते रंधा मारायचे आणि ढलप्यांचा ढीग त्यांच्या गुडघ्यापर्यंत यायचा. तो रंधा माझ्याकडे आहे. इतकी वर्षं तो माझ्या डिग्र्यांच्या फाइलीखाली पडून होता.

मार्चमध्ये त्या युनिव्हर्सिटीनं इच्छुक विद्यार्थ्यांना बघायला आणि दाखवायला बोलावलं. बघायचं त्यांचं वर्कशॉप, दाखवायचं आपण हातानं केलेलं काहीतरी. फॉर्मवर मी 'इंटरनॅशनल स्टुडंट' अशी खूण केली तेव्हा शोभा म्हणाली, अहो, जन्मतारीख तरी पुन्हा एकदा तपासा. सोबतीला नात आली, सावनी. सतरा वर्षांची आहे आणि तिला माझी काळजी कमी, लंडनची खरेदी जास्त. मी गॅरेजमध्ये ओकच्या लाकडाचा एक पाट केला होता. जेवायला बसायचा साधा पाट, तोही एका कोपऱ्यात डुगडुगणारा. तो टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला, वर डिग्र्यांची फाइल ठेवली, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रतींसकट. आपण कुठेही मुलाखतीला निघालो की फाइल आलीच!

तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं सावनीच्या गळ्यात निळा पट्टा घातला आणि माझ्या गळ्यात पिवळा. निळा विद्यार्थ्यांचा, पिवळा पालकांचा. आता तिथल्या तिथे सांगायला काय हरकत होती? पण ती पोरगी इतकं गोड हसली की मला भीड पडली. त्यामुळे पुढचा पाऊण तास मी पालकांच्या सभेत बसलो. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला एकटं वाटू लागलं तर काय करावं, यावर एक बाई फार छान बोलल्या. मी टिपणंसुद्धा घेतली. शेवटी सावनी शोधत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आजोबा, व्हॉट आर यू डूइंग? दे थिंक आय मेक चेअर्स!" मग पट्ट्यांची अदलाबदल झाली. निळा पट्टा गळ्यात पडला तेव्हा मला जे वाटलं, ते रेसिडेन्सीचा पहिला पांढरा कोट अंगात घालतानाही वाटलं नव्हतं.

आणि लगेच पुढची फजिती. वर्कशॉपच्या दाराशी सगळ्यांना लोखंडी टोकाचे बूट दिले होते. मी आत पाहिलं तर झाडून लख्ख केलेली फरशी, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या पटाश्या आणि करवती, आणि लाकडाचा तो वास. माझ्या हातून काय व्हावं? मी ते बूट काढून दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत शिरलो. उंब्रजला कामाच्या जागी चप्पल घालून गेलो असतो तर मार खाल्ला असता. पण इथे टेक्निशियन ओरडला, कुणीतरी लाल बटण दाबलं आणि वर्कशॉपमधली सगळी यंत्रं एकदम बंद पडली. वीस माणसं माझ्या मोज्यांकडे बघत होती. सुरक्षेचा पहिलाच नियम मी पहिल्याच पावलात मोडला होता. सावनी खाली मान घालून फोन बघायला लागली.

बूट घालून परत आलो. रूथ नावाच्या बाई मुख्य शिक्षिका आहेत, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी प्रत्येकाला एक फळी दिली. तिची कड रंधा मारून सरळ आणि काटकोनात करायची, वेळ चाळीस मिनिटं. उंच बाकाशी उभं राहून मी रंधा उचलला आणि बाळ, हातांचा कंप सुरू झाला. तुला ते दृश्य मी वर्णन करून सांगायला नको. शेजारची पोरं सरसर पुढे चालली होती आणि माझी कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. अर्ध्या वेळात माझा शर्ट घामानं भिजला. रूथबाई दोनदा येऊन बघून गेल्या. मी फाइल काढून पुढे केली, तर त्यांनी ती न उघडताच बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्ही केलेलं काय आणलंय?

मी पाट काढला. त्यांनी तो उलटासुलटा करून विचारलं, याचे पाय कुठे आहेत? मी म्हटलं, पाय बसणाऱ्याचे. आणि दाखवायला म्हणून तो फरशीवर ठेवून त्यावर बसलो, सत्तर वर्षांचा माणूस, गुडघे वर, कोपरं गुडघ्यांवर टेकलेली. बाई माझ्या हातांकडेच बघत होत्या. मग अगदी सहज, हवापाण्याविषयी बोलावं तशा म्हणाल्या, "दे हॅव स्टॉप्ड." मी खाली पाहिलं. थांबले होते खरंच. मी डॉक्टर आहे, आधार मिळाला की असा कंप कमी होतो हे मला कळायला हवं होतं. पण सहा वर्षांत मी त्या हातांकडे डॉक्टर म्हणून एकदाही पाहिलं नव्हतं, नुसता त्यांच्यावर चिडत होतो.

मी माझी फळी मागितली. टेक्निशियन पुढे आला, पण बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. अनवाणी होता येत नव्हतं, तर मी त्या अवजड बुटांच्या दोन तळव्यांत फळी घट्ट धरली, वडील धरायचे तशी. रंधा ओढताना बुटाचं टोक त्याला लागलं आणि मी नकळत नमस्कार केला. बाईंनी काय म्हणून विचारलं, तर म्हटलं, त्याची माफी मागतोय. पहिल्या दोन-तीन फटक्यांना रंधा अडखळला. मग कोपर मांडीला टेकवून ढकलला आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग पातळ ढलपी निघाली. मग दुसरी निघाली, तिसरी निघाली. मी हे कधी केलेलं नव्हतं रे! नुसतं उंबऱ्यात बसून बघितलेलं, तेही बासष्ट वर्षांपूर्वी. वेळ संपल्यावर बाईंनी कडेला गुण्या लावून फळी खिडकीकडे धरली. गुण्याखालून जराही उजेड येत नव्हता. त्यांनी ती त्या टेक्निशियनच्या हातात दिली, त्यानंही उजेडाला धरून बघितली, आणि माझ्यासाठी एक बुटकं बाक करावं लागेल म्हणून कुरकुरला. सावनीनं सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. गेले महिनाभर ती तो आपल्या मैत्रिणींना दाखवतेय, 'माय आजोबा' म्हणून.

गेल्या आठवड्यात ईमेल आली. बारांपैकी एक जागा माझी, एका अटीवर. अट शेवटी सांगतो. त्या रात्री शोभानं पुरणपोळी केली आणि मी वडिलांचा रंधा फाइलीखालून काढून फाइलीच्या वर ठेवला.

आता दुसरी गोष्ट, जी सहा वर्षं लिहिली नाही ती. बावीस वर्षं तू पेशंटला झोपवलंस आणि मी कापलं. तू पडद्याच्या त्या बाजूला गुणगुणायचास आणि तुझं गुणगुणणं थांबलं की मला समजायचं, काहीतरी बिनसतंय. त्या दिवशी त्या खुब्याच्या ऑपरेशनला तुझं गुणगुणणं मध्येच थांबलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तू माझ्या हातांबद्दल विचारलंस आणि मी म्हटलं, कॉफी जास्त झाली. तू पुन्हा दोनदा विचारलंस, मी दोनदा तुझ्या अंगावर ओरडलो. तीन आठवड्यांनी तू हॉस्पिटलच्या चीफना पत्र लिहिलंस आणि माझं काम बंद झालं. गणपतीत सगळ्या मंडळासमोर मी तुला घरभेदी म्हटलं. तू ताटातलं जेवण तसंच ठेवून उठलास, मंजुषावहिनी तुझ्यामागून गेल्या, आणि वर्षभरात तुम्ही कॅरी सोडलंत. मी कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की तुझ्या आधी चार महिने मला ते माहीत होतं. सही करताना मी मनगट टेबलावर दाबून धरायचो. चहाला कपबशी सोडून दांडीचा मोठा मग वापरायला लागलो होतो. आणि तरी रोज सकाळी हातमोजे चढवत होतो. तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मी थांबलो नसतो, आणि एके दिवशी कुणाच्या तरी आईला किंवा बापाला मी अधू करून ठेवलं असतं. तू बरोबर होतास. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. मला माफ कर.

चीफनी तुझं पत्र मला दाखवलं होतं, हे तुला ठाऊक नसेल. तीनच वाक्यं होती. या हातांशेजारी मी बावीस वर्षं काम केलं आहे. याहून चांगले हात मी पाहिलेले नाहीत. आता त्यांनी थांबायला हवं. मी इतकी वर्षं तिसरंच वाक्य घोकत बसलो, पहिली दोन मला परवा आठवली. ती आठवायचं कारण म्हणजे ती अट. युनिव्हर्सिटीला एक शिफारसपत्र हवंय, अशा माणसाचं की ज्यानं मला हातांनी काम करताना वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि जो त्या हातांबद्दल खरं तेच लिहील. शोभा म्हणाली मंडळाच्या अध्यक्षांना सांगा, सावनी म्हणाली त्या घरट्यांच्या शिक्षकाला. पण असा माणूस मला या जगात एकच माहीत आहे. फॉर्म सोबत ठेवलाय, पंधरा मेपर्यंत पोचायला हवा. कंपाबद्दलही लिही, काही लपवू नकोस, हे अक्षर पुरावा म्हणून जोडलंस तरी चालेल. पहिली दोन वाक्यं आहेत तशीच राहू देत, बाळ. तिसरं तेवढं बदल.

तुझाच,
एकनाथ