पाझर तलावावरची हिरवी साय

आबा, परवा एका गावात मेलेल्या मेंढरांचा पंचनामा करायला गेले होते. तुमची लेक जनावरांची डॉक्टर झाली खरी, पण आडवं पडलेलं मेंढरू दिसलं की अजूनही आधी मेंढपाळाची पोर जागी होते आणि मग कुठं डॉक्टरीण. दसऱ्यानंतरचं चटके देणारं ऊन होतं. जमलेल्या लोकांचं एकच म्हणणं, "किराळ लागली." कापलेल्या ज्वारीच्या खोडांना फुटलेले कोवळे कोंब खाल्ले की किराळ लागून जनावर तडफडून मरतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र ज्वारी कुठं आहे हे विचारलंच नाही. सरळ तलावाच्या काठावर गेले. पाण्यावर हिरवा रंग सांडावा तशी जाड साय धरली होती, आणि वारा ती लोटत लोटत माझ्या पायांपर्यंत आणत होता. कुबट वास येत होता. हाच वास मी सातवीत असताना घेतला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपल्या पाझर तलावाचा अलीकडचा काठ गावापासून हाकेच्या अंतरावर होता, तरी नवरात्र सरलं की तुम्ही मेंढरं सगळा वळसा घालून पलीकडं न्यायचात. एकदा मी कंटाळून अलीकडंच थांबवली, तर तुम्ही लांबूनच ओरडलात, "ए, वारं कुणीकडून हाय ते बघ की आदी! नवरात्र सरलं की वारं फिरतंय. वारं पाठीवर घ्यायचं अन् मग पाणी पाजायचं. न्हायतर ती समदी घाण मेंढराच्या तोंडात." मी विचारलं, घाणीनं काय होतं? तुम्ही म्हणालात, "ते मला न्हाय ठावं. माझा बा असंच करायचा." त्या वेळी मला ते फार हट्टी उत्तर वाटलं होतं. आणि शेवाळाशी तुमचं वैर होतं असंही नाही. आत्याचा हात तेरखेड्याच्या फटाक्याच्या कामावर भाजला, तेव्हा तुम्हीच विहिरीत उतरून केसांसारखं ओलं शेवाळ ओंजळभर आणलंत आणि तिच्या मनगटावर पसरलंत. आज कुणी असं केलं तर मी त्याला फैलावर घेईन. पण आत्याचं रडणं थांबलं होतं, ते मी पाहिलंय. आता तर माणसं शेवाळाच्या गोळ्या खातात, आबा. माझं रक्त कमी झालं तेव्हा मीही दोन महिने खाल्ल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गोळ्या कशाला, म्हशीवानी तळ्यातच तोंड घाल की!" ज्या जेलीवर आम्ही रोगजंतू वाढवून बघतो, तीही समुद्रातल्या शेवाळाचीच असते. हे सगळं तुम्हाला सांगताना तुमचा चेहरा बघायचा होता मला. फार बघायचा होता.

सातवीतला तो दिवस असा. सकाळी तुम्ही मेंढरं ज्वारीच्या कापलेल्या रानाच्या कडेनं फिरवलीत, दुपारी ती माझ्या हवाली केलीत आणि कळंबच्या बाजाराला गेलात. तुम्ही परत यायच्या आत मला मेंढरांना पाणी पाजून ती वाघरीत, जाळीच्या कुंपणात, कोंडून दाखवायची होती. एकटीनं सगळं केलं म्हणून तुम्ही कौतुक कराल, एवढीच हाव. वळसा घातला असता तर उशीर झाला असता. मी अलीकडच्या काठावर थांबते. वारा माझ्या तोंडावर येतोय. मला ते कळतंय. पुढची मेंढरं त्या हिरव्या सायीत तोंड घालतात आणि मी म्हणते, एका दिवसानं काय होतंय. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा पहिली मेंढी थरथरत खाली बसली होती. तुम्ही खांद्यावरची पिशवीही काढली नाहीत. "किराळ लागली गं! गूळ आण, गूळ!" गुळाचं पाणी करून तुम्ही एकेकीच्या नरड्यात ओतत राहिलात. अकरा मेंढ्या गेल्या. मी तांब्या धरून उभी होते.

नंतर भावकीतले लोक ओट्यावर बसून म्हणाले, "मेंढरामागं जल्म गेला, अन् ह्याला किराळ कळंना!" तुम्ही मान खाली घालून एवढंच बोललात, "व्हय, माझीच चूक." उरलेली मेंढरं विकलीत आणि साखर कारखान्यावर रखवालदार झालात. खाकी कपड्यात तुम्ही मला कधी माझे आबा वाटलाच नाहीत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी विषारी शेवाळाचा धडा शिकवला आणि माझा पेन थांबला. लक्षणं सगळी तीच. त्या दिवाळीत सांगायचं ठरवूनच घरी आले. तुम्ही अंगणात दाढी करत होता. मी म्हटलं, आबा, त्या मेंढरांचं... तुम्ही आरशातूनच बोललात, "जाऊ दे पोरी. म्या घातली किराळात. आता तू डॉक्टर व्हतीस, लोकास्नी नीट सांगत जा." मी बरं म्हटलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

परवा त्या गावात मेंढरांच्या मालकाला मी म्हटलं, किराळ नाही, पाणी भोवलं. त्याची म्हातारी बायको पटकन पुढं आली, "म्याच पाजलं की वो बाई. पल्याडच्या काठाला लई चिखल हुता." म्हातारा तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "बरं, उन्हात नगं हुबं राहू. बस त्या बाभळीखाली." संपलं. माझा पंचनाम्याचा कागद भरायचा राहिला, आबा. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हीही मला सावलीतच बसवलं असतं.

हा कागद कुठं पाठवणार? पण तुम्हाला लिहितेय ते काही फक्त आठवण दाटून आली म्हणून नाही. आई आत भाकरी थापतेय. आजही कुणी मेंढरांचा विषय काढला की ती म्हणते, "आमच्या मालकानं किराळात घातली." ती असं म्हणते तेव्हा मी समोरच असते. हे सगळं तिला सांगायला हवं, आणि ती दहा पावलांवर आहे. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून मी तुम्हाला लिहायला बसले.