दादाचा नंबर

ता. १४ नोव्हेंबर, सकाळचे सव्वानऊ. दुकानाचं शटर अर्धं वर करून, काउंटर पुसून लिहायला बसलो आहे.

ती. वहिनींस नमस्कार.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, पण कुरकुरत. छकुलीचा दात पडल्याचं ऐकून आई दिवसभर हसत होती.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "भाऊजी, ह्यांचा लॅपटॉप झाला का?" मी म्हणालो, "डिस्क शाबूत आहे." ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं सांगायला पुन्हा फोन लावला, तर तुम्ही "जेवलात का?" विचारलंत आणि मी "हो" म्हणून फोन ठेवला. म्हणून पत्र.

चहा सांडून आतला मुख्य बोर्ड बिघडला होता. मी तो काढून दुसरा बसवला. दादाचे लॅपटॉप उघडायचे चार आकडे मला ठाऊक होते, छकुलीच्या जन्मसालाचे, म्हणून बिनघोर होतो. स्क्रीन उजळली आणि तिने अठ्ठेचाळीस आकड्यांची भलतीच किल्ली मागितली.

हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत अख्खी डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला पत्ताही नसतो. रोजची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये असते. चार आकडे ओळखते ती चिप, डिस्क नव्हे. वहिनी, हे मला माहीत होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, "किल्ली लिहून ठेवलीत ना?" घरचा लॅपटॉप म्हणून विचारायचं सुचलं नाही. जुना बोर्ड त्याच संध्याकाळी भंगारात दिला. शोधत गेलो तोवर त्याचा चुरा झाला होता.

चहा छकुलीने सांडला, पण बोर्ड मी टाकला. तिला यातलं काही कळू देऊ नका.

दुकानाच्या मालकांना विचारलं, "फोडता येईल?"

"अरे, कुलूप तकलादू असतं तर चोरांनी दिवाळं काढलं असतं लोकांचं. चांगलं आहे म्हणून तर तू रडतोयस." मग स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला.

दादाने आजारपणात छकुलीसाठी सांगून ठेवलेल्या गोष्टी आत आहेत. त्याचा आवाज, मध्येच खोकला, सगळं जसंच्या तसं. फक्त दार बंद आहे.

एक वाट उरली आहे. किल्लीची प्रत बहुतेक वेळा मालकाच्या ऑनलाइन खात्यात जाते. खात्याचा पासवर्ड आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. नवा करायचा तर त्यासाठीचा कोड येणार दादाच्या मोबाइलवर.

आणि त्याच नंबरबद्दल मी गेल्या महिन्यात तुम्हाला सुनावलं होतं: "गेलेल्या माणसाच्या फोनला कसला रिचार्ज? बंद करा." तुम्ही नुसतं म्हणालात, "बघते."

वहिनी, काय बघितलंत?

नंबर चालू असेल तर सिम जपून ठेवा, मी रविवारी येतो. बंद केला असेल तरी येतो. तेव्हा "असू दे भाऊजी" म्हणू नका, चार शब्द सुनावा.

पत्र दोनदा तपासलं आहे. शाळा सुटल्यावर माझं शुद्धलेखन दादाच बघायचा. त्याला एखादी चूक सापडलीच असती.

हिशेब: बोर्डाचा खर्च माझा, मजुरी नाही. सोबत वर्षभराच्या रिचार्जचे पैसे ठेवले आहेत. तुमच्याकडून येणं काही नाही. माझ्याकडून देणं आहे, ते त्या डिस्कमध्ये आहे.

तुम्ही माझं ऐकलं नसेल, एवढ्याच आशेवर,

तुमचा धाकटा दीर