डाव्या बुटाचा खुलासा

चि. ठकूस,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (सध्या नको असतील तर बाजूला काढून ठेव, नासत नाहीत.) तुझी तब्येत बरी असेल, कामावर नीट जात असशील, वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. आज सतरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस हे मला माहीत आहे; ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून बोलते आणि बाहेर आल्यावर 'ठकू बरी आहे' एवढे तीन शब्द माझ्या वाट्याला येतात. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझा घसा बसला होता तो आता उघडला, पण घरात माझ्याशी कोणी बोलत नसल्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी बहुतेक माणसं ते वाचतात, या भरवशावर लिहितोय.

तू रागावलीस ते बरोबरच आहे, हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी नेहमीप्रमाणे फाटे फोडणार आणि मुद्द्याचं राहून जाणार. पण सगळं झालं कसं ते तुला क्रमाने कळावं असं मला वाटतं. सिनेमाच्या पारितोषिकांची नामांकनं दरवर्षी ज्या दिवशी जाहीर होतात, त्या दिवशी आपलं दुकान उघडं असतं पण बूट विकले जात नाहीत. समोरचे दातवाले डॉक्टर, वाचनालयातल्या ग्रंथपालबाई आणि मी, एवढाच आमचा कंपू. आरडाओरडा मात्र तीस जणांचा. आदल्या आठवड्यात प्रत्येकाने आपले अंदाज चिठ्ठीवर लिहून बुटाच्या रिकाम्या खोक्यात घालायचे, खोक्याला चिकटपट्टी लावायची आणि ती तीन खोकी मी माळ्यावर ठेवायची, अशी आमची पद्धत आहे. (एका वर्षी डॉक्टरांचं खोकं चुकून एका बाईंना सँडल म्हणून गेलं. त्यांनी ते परत आणलं आणि नायिकेचा अंदाज चुकलाय असंही सांगितलं.) यादी आली की खोकी फोडायची. ज्यांची नावं राहिली त्यांच्याबद्दल हळहळायचं आणि ज्यांची आली त्यांचा समाचार घ्यायचा. हळहळ दहा मिनिटांत आटपते, समाचाराला दुपार होते.

यात कामं वाटलेली आहेत. नायक डॉक्टरांकडे, नायिका आणि कथा ग्रंथपालबाईंकडे, आणि तांत्रिक विभाग माझ्याकडे. कारण फार वर्षांपूर्वी मी कॅमेऱ्याबद्दल काहीतरी ठोकून दिलं होतं आणि ते दोघांपैकी कोणाला खोडता आलं नव्हतं. तेव्हापासून मी जाणकार. आता तांत्रिक विभाग वाचायची आमची रीत अशी की फक्त सिनेमाचं नाव वाचायचं. खाली बारीक अक्षरात माणसांची नावं असतात, ती वाचत बसलं तर दुपारपर्यंत समाचार उरकत नाही. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो: त्या यादीत ध्वनीच्या खाली, तिसऱ्या ओळीत, तुझं अख्खं नाव आडनावासकट छापलेलं होतं. मी सिनेमाचं नाव वाचलं आणि थांबलो.

सिनेमा मी पाहिला होता, हा त्यातला आणखी वाईट भाग. दोन महिन्यांपूर्वी तूच दोन तिकिटं पाठवलीस आणि सोबत चिठ्ठी, शेवटपर्यंत बसा म्हणून. मला वाटलं, सिनेमा कंटाळवाणा असणार, म्हणून आधीच बजावते आहेस. मी डॉक्टरांना घेऊन गेलो. एक म्हातारा एकटा राहतो, सकाळी कामावर जातो, संध्याकाळी लांबलचक मार्गिकेतून चालत घरी येतो, दार उघडतो, आणि घरात कोणी नसतं. असं दोन तास. शेवटी नावं सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं जिन्यात होतो. दुसऱ्या दिवशी तू फोन करून कसा वाटला विचारलंस. मी वीस मिनिटं कॅमेऱ्यावर बोललो. मग तू हळूच विचारलंस की आवाज कसा होता, आणि मी म्हणालो, मोठा होता, डॉक्टरांना झोप लागू दिली नाही त्याने. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते 'बरं' मला आता दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

तुझं काम मला कधी नीट कळलंच नाही, ठकू. लोक विचारायचे, बहीण सिनेमात काय करते, तर मी सांगायचो, चालते. म्हणजे पडद्यावर दुसरंच कोणी चालतं, आणि ही बंद खोलीत त्याच्याकडे बघत, तऱ्हेतऱ्हेचे बूट घालून, त्याच्या पावलांचा आवाज काढते. गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो. दुकानात न खपलेले, एकटे राहिलेले बूट तू पिशवी भरून न्यायचीस तेव्हा मी म्हणायचो, बरं झालं, माळा रिकामा झाला.

तर नामांकनाच्या दिवशी दुपारी, समाचाराच्या भरात, डॉक्टर म्हणाले की तुमचं हे ध्वनीबद्दलचं मत छापून यायला हवं. मला एवढंच पुरतं. मी तिथेच काउंटरवर बसून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि ते पत्र दुसऱ्याच दिवशी माझ्या फोटोसकट आलं. तू वाचलंच आहेस, पण शिक्षा म्हणून पुन्हा उतरवतो: 'ध्वनीचे नामांकन मिळालेल्या या चित्रपटात म्हाताऱ्याचा डावा बूट सकाळी पायात बसतो आणि संध्याकाळी एका नंबराने सैल होतो. सव्वीस वर्षे बूट विकणारा माणूस म्हणून सांगतो की पाय संध्याकाळी सुजतात, त्यामुळे बूट घट्ट व्हायला हवा. हा आवाज ज्याने काढला त्याला पायातले काही कळत नाही, आणि ज्यांनी त्याला नामांकन दिले त्यांचे कान तपासावेत.' मी ते कात्रण दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं. रस्त्यावरून जाणारे थांबून वाचायचे. मी बुटांना पॉलिश करत त्यांच्या तोंडाकडे बघायचो. फार सुखाचे दोन दिवस होते ते.

तिसऱ्या दिवशी आई ग्रंथपालबाईंबरोबर तो सिनेमा बघायला गेली. तिथून घरी न जाता ती सरळ दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि काचेवरचं कात्रण उलट्या बाजूने वाचता येईना म्हणून बाहेर जाऊन, ते वाचून, पुन्हा येऊन बसली.

"तुझ्या बाबांच्या डाव्या बुटात मी रोज सकाळी काय कोंबायचे?" तिने विचारलं.

"कागद," मी म्हणालो.

"आणि संध्याकाळपर्यंत त्या कागदाचं काय व्हायचं?"

माझ्या हातात कोणाचा तरी बूट होता, तो तसाच धरून उभा राहिलो.

"ठकूने त्यांचं चालणं जसंच्या तसं उचललंय रे," आई म्हणाली. "मला तिथे उठून दार उघडावंसं वाटलं." आणि ती निघून गेली. मी सोडायला येतो म्हटलं तर हातानेच नको म्हणाली.

बाबांचा डावा पाय एक नंबर लहान होता, हे या जगात ज्या तीन माणसांना माहीत आहे त्यांतला मी एक. स्वतःचं बुटांचं दुकान, भिंतभर खोकी, आणि हा माणूस जन्मभर डावा बूट एक नंबर मोठा घालून फिरला. का, तर आठचा उजवा आणि सातचा डावा घेतला की मागे आठचा डावा आणि सातचा उजवा उरतो, आणि मग तसे पाय असलेल्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं लागतं. दुकानदाराने जोडी फोडायची नाही, हा त्यांचा नेम. त्यापेक्षा पुढे कागद कोंबलेला बरा. सकाळी कागद ताजा, बूट फिट्ट. दिवसभर तो चेपत जायचा आणि संध्याकाळी डावं पाऊल आत घसरायला लागायचं. टक् आणि सप्प, टक् आणि सप्प. तू लहान होतीस तेव्हा जिन्यावर ते ऐकून, बाबा वर यायच्या आधीच दार उघडून उभी राहायचीस. मी आत सिनेमाची मासिकं वाचत पडलेलो असायचो. बाबा आले हे मला ते समोर उभे राहिल्यावर कळायचं.

मी पुन्हा गेलो. एकटा, दुपारच्या खेळाला, सगळ्यात मागच्या रांगेत. डोळे मिटून बसलो. बाबा सकाळी गेले, संध्याकाळी आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. पडद्यावर कोण म्हातारा होता त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी रडलो, ठकू, चांगला हुंदके देऊन रडलो. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या गृहस्थांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाले, पहिला अर्धा तास सहन करा, मग सवय होते. शेवटी नावं सुरू झाल्यावर मी उठून उभा राहिलो. तुझं नाव येऊन गेलं तरी उभाच होतो. झाडूवाल्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? मी हो म्हणालो, तर बिचाऱ्या खुर्चीखाली शोधायला लागल्या.

बूट मी पहिल्या खेपेलाच अचूक ओळखला होता. डावा, एका नंबराने मोठा, संध्याकाळी सैल. बाप ओळखला नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. आणि एक गोष्ट राहून राहून आठवते. बाबा गेल्यावर तू त्यांचे शेवटचे बूट मागितलेस, तर मी म्हणालो, हे फाटके कशाला, नवा जोड ने. तू हट्ट धरलास तेव्हा मी ते खोक्यात घालून दिले, आणि दुकानाच्या सवयीने खोक्यावर लिहिलं, 'जुने, कामाचे नाहीत'. तेच खोकं तुझ्या हातात दिलं. तू ते वाचलंस आणि खोकं पिशवीत घातलंस.

पारितोषिकाच्या समारंभाला तू आईला घेऊन जाणार आहेस असं कळलं. (दार पातळ आहे.) तिला पुढच्या रांगेत, पाय लांब करता येतील अशी जागा मिळाली तर बघ. मला बोलाव असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी आमचा कंपू दुकानात जमणार आहे, आणि डॉक्टर, ग्रंथपालबाई दोघांनीही आपली चिठ्ठी आधीच खोक्यात टाकली आहे. काय लिहिलंय ते गुप्त असतं, पण दोघांनीही मला दाखवून टाकली. तुला ते मिळो किंवा न मिळो, मी मात्र तुझ्याबाबतीत नापास झालोय, आणि ते यादी जाहीर व्हायच्या बरंच आधी. मला माफ कर.

तुझा,
दादा

ता. क. डॉक्टरांचा निरोप: समारंभात यंदा नामांकन मिळालेल्या त्या नायकाच्या जवळ गेलीस तर त्याचे वरचे दोन दात खरे आहेत का ते बघ. नऊ वर्षं ते खोटे आहेत म्हणून भांडतायत. मी निरोप देणार नव्हतो, पण त्यांनी माझी दाढ फुकट बघितली.

आणखी एक ता. क. वर्तमानपत्राला मी चार पानी माफीपत्र पाठवलं. त्यात बाबा, कागद, जिना, सगळं लिहिलं होतं. त्यांनी हवामानाच्या खाली एक ओळ छापली: 'गेल्या आठवड्यातील पत्रलेखक कळवतात की डावा बूट बरोबर आहे.' जुनं कात्रण खरवडून काढून मी हे काचेवर लावलंय. आता लोक आत येऊन विचारतात, आणि उजवा?

तिसरा ता. क. आईची एक इच्छा आहे. एखाद्या रविवारी घरी ये, आणि येताना बाबांचे ते बूट आण. माझ्याशी बोलायची गरज नाही, माझ्याकडे बघूही नकोस. जिन्यापासून दारापर्यंत एकदा ते घालून चालत ये, संध्याकाळचं चालणं. तुझ्या पायाला दोन्हीही मोठे होत असतील. किती कागद लागतो ते कळव, मी आणून ठेवतो.

शेवटचा ता. क. वर 'आईची' लिहिलंय ते खोड. आईला मी यातलं काही विचारलेलं नाही. तू चालत ये, दार या वेळी मी उघडतो.